बरगंडीचा द्राक्षउतार : जमीन, वेल आणि नाव यांची जोपासना

बोर्डो मिश्रणाचे नाव ठाऊक नाही असा द्राक्षबागाईतदार महाराष्ट्रात सापडणे कठीण आहे. मोरचूद आणि कळीचा चुना यांचे हे निळे मिश्रण केवडा रोगावरील उपाय म्हणून १८८५ साली फ्रान्समधील बोर्डो परगण्यातून पुढे आले. त्यानंतर दोनच वर्षांनी, चुन्याऐवजी धुण्याचा सोडा घालून केलेले मिश्रण त्याच देशाच्या दुसऱ्या एका परगण्यातून आले व त्यास ‘बरगंडी मिश्रण’ असे नाव पडले. औषधाच्या निमित्ताने आपल्या परिचयाचा झालेला हा बरगंडी परगणा जगात मात्र आपल्या तांबड्या वाइनकरिता, म्हणजे द्राक्षासवाकरिता, प्रसिद्ध आहे. तेथील काही शेतांतील वाइनच्या एका बाटलीस जी किंमत येते ती ऐकून कोणीही शेतकरी चकित होईल.

मद्यपानाचा पुरस्कार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. एका अरुंद उतारावरील लहान लहान शेतांस एवढी प्रतिष्ठा कशी लाभली, ती टिकविण्यासाठी तेथील शेतकऱ्यांनी काय सोसले व आजही ती प्रतिष्ठा कोणत्या संकटांत आहे, हे समजून घेणे द्राक्ष पिकविणाऱ्या कोणाही शेतकऱ्यास उपयोगाचे आहे. त्या दृष्टीने ही माहिती येथे दिली आहे.

उताराची पट्टी

फ्रान्सच्या पूर्व भागात दिजाँ नावाचे शहर आहे. तेथून दक्षिणेकडे सुमारे ५० ते ६० किलोमीटरपर्यंत टेकड्यांची एक सलग कड गेलेली आहे. तिला ‘कोत दोर’ म्हणतात. कडेच्या पश्चिमेस उंच पठार व पूर्वेस सोन नदीचे सपाट खोरे असून ह्या दोहोंमधील उतारावर द्राक्षमळे पसरलेले आहेत. ही पट्टी लांबीला पुष्कळ असली तरी रुंदीला फारच कमी आहे. काही ठिकाणी ती अवघी काही शेकडा मीटर आहे. तिच्या उत्तर भागास कोत द न्वी व दक्षिण भागास कोत द बोन अशी नावे आहेत. उत्तर भाग मुख्यतः तांबड्या वाइनकरिता नावाजलेला आहे. दक्षिण भागात तांबड्या वाइनबरोबर शार्दोने जातीच्या द्राक्षांची उत्तम पांढरी वाइनही होते.

ह्या उताराचे तोंड पूर्वेस व आग्नेयेस आहे, त्यामुळे सकाळचे ऊन वेलींवर लवकर पडते. हा प्रदेश सुमारे ४७ उत्तर अक्षांशावर असल्याने थंड आहे; तेथे उन्हाचा प्रत्येक तास मोलाचा असतो. पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो व त्याचे एकूण मान साधारणतः ७०० ते ७५० मिलिमीटर असते. मळ्यांस पाटाचे वा ठिबकाचे पाणी दिले जात नाही. वेलीने आपली मुळे खडकाच्या भेगांत खोल घालून ओलावा शोधावा, अशीच तेथील रीत आहे.

उताराची जमीन चुनखडीच्या थरांची व चुनखडीयुक्त चिकणमातीची आहे. हे थर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी साचलेले आहेत. माथ्याजवळ मातीचा थर फारच पातळ असून खाली लगेच खडक लागतो. पायथ्याशी माती खोल व जड असून पाण्याचा निचरा बेताचा होतो. मधल्या भागात माती, खडे आणि चुनखडी यांचे प्रमाण बेताबेताने जुळलेले असते. पावसाचे पाणी निचरून जाते, तरीही चिकणमातीत ओल राहते. उत्तम समजली जाणारी बहुतेक शेते ह्या मधल्या पट्ट्यात, समुद्रसपाटीपासून साधारणतः २५० ते ३०० मीटर उंचीवर आहेत. उताराच्या पायथ्याशी उत्तर-दक्षिण हमरस्ता जातो. त्या रस्त्याच्या खालच्या अंगाची द्राक्षे बहुधा साध्या वाइनकरिता जातात. वरच्या अंगास, काही मिनिटांच्या चालीवर, जमिनीचा भाव कैक पटींनी वाढतो.

उतारावरच्या शेतीस जो धोका सर्वत्र असतो तो तेथेही आहे. वळवाच्या जोरदार सरीने माती वाहून पायथ्याशी येते. ही माती गोळा करून पुन्हा वर नेऊन टाकण्याची प्रथा बरगंडीच्या शेतकऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पूर्वी हे काम पाठीवरच्या टोपल्यांनी होत असे. ज्या मातीमुळे नाव मिळाले ती ओघळीबरोबर जाऊ देणे तेथील शेतकऱ्यास परवडण्यासारखे नाही.

एक वेल, एक हुकूम

ह्या उतारावरील तांबड्या वाइनची वेल म्हणजे ‘पीनो न्वार’. तिचे घड लहान व गच्च भरलेले, मणी बारीक आणि साल पातळ असते. ती लवकर फुटते, म्हणून कडाक्याच्या थंडीत सापडते. घड गच्च असल्याने पावसात कुजते. उत्पन्नही कमी देते. व्यवहाराच्या दृष्टीने पाहता ही वेल शेतकऱ्यास नकोशीच वाटावी. परंतु ह्या थंड, चुनखडीच्या उतारावर तिच्या फळांस जो सुगंध येतो तो अन्यत्र सहसा येत नाही. एकाच गावातील दोन शेजारच्या शेतांच्या मातीतील फरकही तिच्या रसात उतरतो, असे जाणकार मानतात.

चौदाव्या शतकात ह्या उतारावर ‘गामे’ नावाची दुसरी जात झपाट्याने पसरू लागली. ती भरपूर पिके व लवकर तयार होई. प्लेगच्या साथींनी मनुष्यबळ घटलेले असताना शेतकऱ्यांस ती सोयीची वाटली, यात नवल नाही. परंतु तिची वाइन ह्या जमिनीत हलकी उतरे. तेव्हा बरगंडीचा ड्यूक फिलिप याने १३९५ साली हुकूम काढून गामेच्या वेली उपटून टाकण्यास फर्मावले, आणि द्राक्षमळ्यांत खत घालण्यासही बंदी केली. खताने पीक वाढते परंतु वाइनचा कस उतरतो, अशी त्या काळची समजूत होती. ह्या हुकुमाने शेतकऱ्यांच्या उत्पन्नावर तत्काळ आघात झाला. पुढच्या शतकातही अशा आज्ञा पुन्हा काढाव्या लागल्या, यावरून लोकांनी त्या सहजी मानल्या नाहीत हे उघड होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गामे ही वाईट जात नव्हे. बरगंडीच्या दक्षिणेस बोझोले नावाचा प्रदेश आहे. तेथील ग्रॅनाइटच्या जमिनीत हीच गामे उत्तम वाइन देते व त्या प्रदेशाचे मुख्य पीक तीच आहे. म्हणजे दोष वाणाचा नव्हता. वाण व जमीन यांचा मेळ बसला नव्हता.

मठवासीयांचे निरीक्षण

बरगंडीत द्राक्षशेतीस शिस्त लावण्याचे मोठे श्रेय ख्रिस्ती मठवासीयांस दिले जाते. क्ल्युनी येथील मठ ९१० साली व सितो येथील मठ १०९८ साली स्थापन झाला. दानात मिळालेल्या जमिनी ह्या मठांनी शतकानुशतके स्वतः कसल्या व कसवून घेतल्या. एकच संस्था एकच जमीन अनेक पिढ्या कसत असल्यामुळे कोणत्या तुकड्यात द्राक्षे लवकर पिकतात, कोठे धुके रेंगाळते, कोठे पाणी साचते, याचे अनुभव साठत गेले. सितोच्या मठवासीयांनी वूझो गावाजवळ सुमारे ५० हेक्टरांचा, म्हणजे सव्वाशे एकरांचा मळा उभा केला व चौदाव्या शतकात त्यास दगडी कुसू घातले. तो ‘क्लो द वूझो’ आजही त्या कुसवासह उभा आहे.

अशा निरीक्षणातून प्रत्येक तुकड्यास स्वतंत्र नाव व स्वतंत्र लौकिक मिळाला. नाव व हद्द ठरलेल्या अशा तुकड्यास तेथे ‘क्लिमा’ म्हणतात. आपल्या गावांतही वडाचे वावर, पांढरीकडचा तुकडा, मळई, चोपण अशी शेतांची नावे असतात व कोणत्या वावरात गहू भरतो हे जाणता शेतकरी न विचारता सांगतो. बरगंडीत ही माहिती वाडवडिलांच्या स्मरणात न ठेवता नकाशावर व कायद्यात उतरविली गेली, हा महत्त्वाचा फरक आहे. डॉक्टर झ्यूल लाव्हाल यांनी १८५५ साली ह्या शेतांची प्रतवारी प्रसिद्ध केली आणि १८६१ साली बोन येथील कृषि समितीने त्यावर आधारलेला नकाशा तयार केला. कोत दोरच्या अशा १,२४७ क्लिमांचा समावेश युनेस्कोने २०१५ साली जागतिक वारशाच्या यादीत केला आहे.

शेताच्या नावाचे मोल गावांनीही ओळखले. झव्रे नावाच्या गावाने आपल्या शिवारातील ‘शाँबेर्ताँ’ ह्या प्रख्यात शेताचे नाव १८४७ साली आपल्या नावास जोडून घेतले व ते झव्रे-शाँबेर्ताँ झाले. पुढे इतर गावांनीही हाच मार्ग धरला. गावाचे नाव शेतास मिळते हे आपण पाहतो. येथे शेताचे नाव गावाने आदराने धारण केले.

जमिनीची वाटणी

फ्रान्समध्ये १७८९ साली राज्यक्रांती झाल्यावर मठांच्या जमिनी सरकारजमा करून लिलावाने विकण्यात आल्या. त्यानंतर १८०४ च्या नागरी संहितेने वारसांमध्ये समान वाटणीचा नियम घातला. प्रत्येक पिढीत जमिनीचे तुकडे पडत गेले. क्लो द वूझो १८८९ पर्यंत एकाच मालकीत राहिला. परंतु त्यानंतर त्याची विक्री व वाटणी होत आज त्या एकाच कुसवात सुमारे ८० खातेदार आहेत. काहींच्या वाट्यास वेलींच्या मोजक्याच रांगा आहेत. जमिनी बटाईने कसण्याची पद्धतही तेथे रूढ असून मालकास पिकाचा ठरलेला हिस्सा मिळतो.

जमिनीच्या तुकड्यांचे दुष्परिणाम आपणांस अपरिचित नाहीत. त्याकरिताच आपल्याकडे १९४७ साली तुकडेबंदीचा व एकत्रीकरणाचा कायदा करावा लागला. बरगंडीतही एका कुटुंबाच्या रांगा पाचसहा गावांत विखुरलेल्या असतात आणि ट्रॅक्टरचा बराच वेळ एका शेतातून दुसऱ्या शेतात जाण्यात खर्च होतो. तरीही तेथील लहान खातेदार टिकला, कारण त्याच्या मालाचा दर वजनावर न ठरता शेताच्या नावावर व कसणाऱ्याच्या लौकिकावर ठरू लागला. क्लो द वूझोच्या माथ्याची जमीन उथळ व निचऱ्याची आहे, रस्त्याकडील जमीन जड व ओलसर आहे. कायद्याने दोन्ही एकाच प्रतीच्या आहेत. म्हणून जाणता गिऱ्हाईक बाटलीवर शेताच्या नावाइतकेच कसणाऱ्याचे नाव पाहतो. जमीन कितीही चांगली असली तरी हयगयीने कसणाऱ्याचे दोष ती झाकून घेत नाही.

मुळांवरील कीड

एकोणिसाव्या शतकात ह्या सर्व वैभवावर मोठे संकट कोसळले. अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर फायलोक्सेरा नावाचा मावावर्गीय सूक्ष्म कीटक फ्रान्समध्ये शिरला. तो मुळांतील रस शोषतो, मुळांवर गाठी येतात, मुळे कुजतात आणि वेल वाळते. तो १८७८ साली कोत दोरमध्ये आढळून आला. जमिनीत विषारी द्रव टोचून तो मारण्याचे प्रयत्न झाले. परंतु त्यांस खर्च फार येई व यश तात्पुरते असे.

खरा उपाय कलमाचा होता. अमेरिकेतील रानवेलींची मुळे ह्या किडीस दाद देत नाहीत. त्यांच्या खुंटावर पीनो न्वारची काडी बांधली तर फळ जुनेच राहते व मूळ मात्र टिकते. पुष्कळ शेतकऱ्यांस ही कल्पना रुचली नाही. परक्या मुळांनी वाइनची चव बिघडेल, असे त्यांस भय होते. अमेरिकी खुंटांवरील बंदी बरगंडीत १८८७ साली उठली व लागवड नव्याने सुरू झाली. रोमाने-काँती हे सर्वांत नामांकित शेत अवघे १.८ हेक्टर, म्हणजे साडेचार एकर आहे. तेथे जुन्या मुळांवरील वेली औषधोपचाराने १९४५ पर्यंत जगविल्या. शेवटी त्याही काढून १९४७ साली कलमांची लागवड करावी लागली.

कलमांबरोबर शेतीची रीतही बदलली. पूर्वी रिकाम्या जागी शेजारच्या वेलीची फांदी मातीत दाबून नवी वेल करीत, म्हणजेच आपल्या भाषेत दाब कलम करीत. त्यामुळे वेली कशाही दाटीवाटीने उभ्या असत व त्यांची संख्या हेक्टरी वीस हजारांच्याही वर जाई. कलमी वेलीची फांदी दाबली तर तिला स्वतःची, म्हणजे किडीस बळी पडणारी मुळे फुटतात. म्हणून ही रीत सोडावी लागली. वेली सरळ रांगांत आल्या व रांगांमधून घोड्याचा नांगर फिरू लागला.

यात आणखी एक अडचण निघाली. अनेक अमेरिकी खुंटांस चुनखडीची जमीन मानवेना. पाने पिवळी पडू लागली. तेव्हा पिएर व्हियाला या फ्रेंच शास्त्रज्ञास १८८७ साली चुनखडीत तगणाऱ्या वेली शोधण्याकरिता अमेरिकेस पाठविण्यात आले. टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांवरील रानवेलीपासून पुढे चुनखडी सोसणारे खुंट तयार झाले. आपल्याकडे क्षार व पाण्याचा ताण सोसतो म्हणून सर्वत्र वापरला जाणारा डॉगरिज हा खुंटही टेक्सासच्याच रानवेलींच्या वंशातील आहे. अशा रीतीने नाशिक-सांगलीच्या बागा व बरगंडीचे मळे एकमेकांपासून कितीही दूर असले तरी दोहोंची मुळे एकाच मुलखातून आलेली आहेत.

वर्षभराची कामे

आपल्याकडे वेलीस खरी विश्रांती मिळत नाही, म्हणून एप्रिलात खरड छाटणी व ऑक्टोबरात फळछाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. बरगंडीत हिवाळ्याच्या कडक थंडीने वेल स्वतःच निद्रिस्त होते. तेथे छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात होते. वेल बुटकी ठेवून बहुधा एकच लांब काडी तारेवर आडवी बांधतात व शेजारी दोन डोळ्यांचा आखूड खुंट पुढील वर्षासाठी राखतात. एप्रिलात डोळे फुटतात, जूनच्या सुमारास फुलोरा येतो व त्यानंतर साधारण १०० दिवसांनी द्राक्षे काढणीस येतात.

लागवड अत्यंत दाट, म्हणजे सुमारे एक मीटर बाय एक मीटर अंतरावर असते; हेक्टरी १०,००० म्हणजे एकरी ४,००० वेली बसतात. आपल्याकडील नऊ फूट बाय पाच फूट लागवडीत एकरी सुमारे ९७० वेली बसतात, यावरून फरक कळेल. रांगा इतक्या जवळ असल्यामुळे एका रांगेच्या दोन्ही अंगांस चाके ठेवून वेलींच्या वरून जाणारे उंच ट्रॅक्टर वापरतात. माती दाबली जाऊ नये म्हणून काही मळ्यांत घोड्याचा नांगर पुन्हा आला आहे. उत्तम शेतांतील उत्पन्नावर कायद्याची मर्यादा असून ती हेक्टरी साधारणतः ३५ ते ३७ हेक्टोलिटर वाइन एवढी असते. हे प्रमाण द्राक्षांच्या वजनात एकरी सुमारे दोन टन, म्हणजे वेलीमागे जेमतेम अर्धा किलो भरते.

गावोगावच्या द्राक्ष-शेतकऱ्यांची संत व्हँसाँ यांच्या नावाने परस्परसाह्य मंडळे आहेत. एखादा सभासद आजारी पडला तर इतर सभासद त्याच्या मळ्याची कामे वाटून घेतात. आपल्याकडील सावड व इर्जिक यांच्याशी ही प्रथा जुळती आहे. जानेवारीच्या अखेरीस ह्या संताचा उत्सव होतो. १९३८ पासून तो दरवर्षी वेगवेगळ्या गावी भरतो.

वाइन व तिचे गुण

काढणी बहुतेक उत्तम मळ्यांत हातांनीच होते. मेजावर पसरून कुजके व कच्चे मणी निवडून टाकतात. द्राक्षाचा रस पाण्यासारखाच फिकट असतो. तांबडा रंग सालीत असतो. म्हणून साल, बी व रस ही एकत्रच हौदांत आंबवितात. वर तरंगणाऱ्या सालींचा थर वेळोवेळी रसात दाबून बुडवावा लागतो. आंबणे पुरे झाल्यावर वाइन २२८ लिटरांच्या ओक लाकडाच्या पिंपांत सुमारे एक ते दीड वर्ष ठेवतात. एका पिंपातून सुमारे ३०० बाटल्या भरतात.

पीनो न्वारची साल पातळ असल्याने ही वाइन गडद होत नाही. तिचा रंग माणकासारखा पारदर्शक असतो, आणि तिची थोरवी रंगात वा जहालपणात नसून सुगंधात आहे असे मानतात. ताजेपणी तिला चेरी व रासबेरी ह्या फळांचा वास येतो. पुष्कळ वर्षे मुरल्यावर ओल्या पाल्याचा, अळंब्यांचा, रानातल्या मातीचा वास येऊ लागतो. एकाच हाताने, एकाच रीतीने केलेल्या, परंतु दोन शेजारच्या शेतांतील वाइन निराळ्या लागतात, हेच तिचे मुख्य आकर्षण आहे. वाइन पिणारा मनुष्य तेथे पेल्यातून एका शेताची ओळख करून घेतो आणि त्या ओळखीकरिता पैसे मोजतो.

नावाचे रक्षण

जेथे नावास किंमत येते तेथे नावाची चोरीही होते. विसाव्या शतकाच्या आरंभी बरगंडीतील बहुतेक शेतकरी आपली वाइन पिंपांतून व्यापाऱ्यांस विकीत. काही व्यापारी तीत उष्ण प्रदेशांतील स्वस्त व गडद वाइन मिसळून नामांकित गावांच्या नावे विकीत. ह्याचा तोटा प्रामाणिकपणे कसणाऱ्यास होई. त्याच्या शेताचे नाव दुसऱ्याच्या मालावर चढे आणि त्याला भाव मात्र मिळत नसे. फ्रान्समध्ये १९०५ साली भेसळीविरुद्ध व १९१९ साली उत्पत्तिस्थानाच्या नावांविषयी कायदे झाले. व्होलने येथील मार्की दांजेरव्हील, न्वी-सँ-जॉर्जचे आंरी गूझ व झव्रेचे आर्माँ रूसो यांसारख्या शेतकऱ्यांनी व्यापाऱ्यांचा रोष पत्करून भेसळीविरुद्ध आवाज उठविला व आपली वाइन आपणच बाटल्यांत भरून स्वतःच्या नावाने विकण्यास प्रारंभ केला. त्या काळी ह्या मार्गात मोठा धोका होता, कारण व्यापाऱ्याने माल नाकारल्यास दुसरे गिऱ्हाईक सहज मिळत नसे.

पुढे १९३५ साली नियंत्रित उत्पत्तिनामाचा कायदा झाला. एखादे नाव लावावयाचे असेल तर द्राक्षे कोणत्या हद्दीतील, कोणत्या वाणाची, कशी छाटलेली व हेक्टरी किती उत्पन्नाची असावीत, हे सर्व त्यान्वये ठरविले गेले. बरगंडीत ह्या नावांच्या चार पायऱ्या आहेत. सर्वांत खाली परगण्याचे नाव, त्यावर गावाचे नाव, त्यावर पहिल्या प्रतीच्या शेताचे नाव व सर्वांत वर ‘ग्राँ क्रू’, म्हणजे थोर शेत. बरगंडीच्या एकूण उत्पादनात ग्राँ क्रूचा वाटा शेकडा एक-दीड एवढाच आहे. जसजसे वर जावे तसतशी उत्पन्नाची मर्यादा कमी होते. पीक कमी घेण्याचा नियम शेतकऱ्यांनी मान्य केला, कारण त्या नियमामुळे त्यांचे नाव सुरक्षित राहते.

नावाचा उपयोग लोकहिताकरिताही झालेला आहे. बोन शहरात १४४३ साली गरिबांसाठी इस्पितळ स्थापन झाले. भाविकांनी दान दिलेले द्राक्षमळे त्याच्या मालकीचे आहेत. त्या मळ्यांच्या वाइनचा लिलाव १८५९ पासून होत आला असून त्याचे उत्पन्न रुग्णसेवेकडे जाते.

आजची संकटे

एवढी प्रतिष्ठा असूनही बरगंडीचा शेतकरी निश्चिंत नाही. बोन येथे द्राक्षकाढणीच्या तारखांची नोंद १३५४ पासून उपलब्ध आहे. ह्या नोंदींचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यावरून असे दिसते की १९८८ पासून काढणी पूर्वीच्या साडेसहाशे वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे १३ दिवस आधी होऊ लागली आहे. उष्णतेमुळे द्राक्षांत साखर लवकर भरते, आंबटपणा घटतो आणि ज्या थंडाव्यामुळे पीनो न्वारचा सुगंध खुलतो तोच उणा पडतो.

दुसरे संकट गारठ्याचे. हिवाळा ऊबदार झाला की डोळे लवकर फुटतात आणि एप्रिलातील थंडीत कोवळी फूट करपते. एप्रिल २०२१ मध्ये हिमकणांनी मोठी हानी केली. त्या रात्री शेतकऱ्यांनी रांगांमधून मेणाचे डबे पेटवून मळ्यांत ऊब राखण्याचा प्रयत्न केला. आपल्याकडे कडाक्याच्या थंडीत बागेत शेकोट्या करून धूर करतात, तोच हा प्रकार होय.

तिसरे संकट प्रतिष्ठेतूनच उद्भवले आहे. जमिनीचे भाव इतके चढले आहेत की वडील वारल्यावर वारसाकर भरण्यास व भावंडांचे हिस्से देण्यास कसणाऱ्या मुलाजवळ पैसे नसतात. वाइन विकून आलेल्या उत्पन्नातून जमिनीची ती किंमत फिटत नाही. मग शेत विकावे लागते व ते घेण्याची ऐपत बड्या धनिकांचीच असते. मोरे-सँ-दनी ह्या गावातील क्लो दे लाँब्रे हा मळा २०१४ साली व क्लो द तार हा मळा २०१७ साली अशाच मोठ्या उद्योगसमूहांकडे गेले. ज्या नावाने लहान शेतकऱ्यास तारले तेच नाव फार महाग झाल्यावर त्याला शेताबाहेर काढू शकते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आपणांस घेण्याजोगे

बरगंडीचे अनुकरण जसेच्या तसे करणे आपणांस शक्य नाही व इष्टही नाही. आपले हवामान उष्ण, जमीन बहुतांशी काळ्या खडकाची व मुख्य माल खाण्याच्या द्राक्षांचा आहे. एकरी आठ-दहा टन पिकविणाऱ्याने ते उत्पन्न दोन टनांवर आणावे, असे कोणी सांगणार नाही. तथापि पुढील गोष्टी सर्वत्र लागू पडतात.

१. बागेच्या प्रत्येक तुकड्याची माती, निचरा, फुटीची व काढणीची तारीख यांची नोंदवही ठेवावी. मठवासीयांनी शतकांत मिळविलेले ज्ञान अशा नोंदींनी एका पिढीत बरेच हाती येऊ शकते.

२. वाण व खुंट जमीन पाहून निवडावेत. शेजाऱ्याने लावले म्हणून लावू नयेत. चुनखड जमिनीत कोणता खुंट पिवळा पडतो हे लागवडीपूर्वी विचारून घ्यावे. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ साली स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र याविषयी मार्गदर्शन करते.

३. वेलीवर किती घड ठेवावयाचे हे तिच्या ताकदीवर ठरवावे. अधिक घडांचा मोह पुढील वर्षाच्या काडीतून वसूल होतो.

४. उतारावरील माती बांधबंदिस्तीने जाग्यावर राखावी. वाहून गेलेली माती डोक्यावरून परत आणण्यापेक्षा ती जाऊ न देणे सोपे आहे.

५. गावाचे नाव हे सर्वांचे सामाईक धन आहे. भौगोलिक निर्देशनाचा कायदा आपल्या देशात १९९९ साली झाला व २००३ पासून अमलात आहे. नाशिकच्या द्राक्षांस त्याखाली नोंदणी मिळालेली आहे. परंतु नोंदणी हा केवळ कागद होय. एका शेतकऱ्याने अपक्व किंवा औषधांचे अवशेष असलेला माल त्या नावाने बाजारात पाठविला, तर त्याचा फटका त्याच्या शेजाऱ्यास बसतो. बरगंडीत नावाचे रक्षण सरकारने एकट्याने केले नाही. आपल्याच गावातील लबाडी उघड करण्यास शेतकरी पुढे आले, तेव्हाच कायद्यास बळ आले.

ज्या गावांत द्राक्षबागाईतदारांचे संघ आहेत त्यांनी येत्या फळछाटणीपूर्वी एकत्र बसून आपल्या शिवारातील तुकड्यांचा साधा नकाशा करावा व गतवर्षीच्या काढणीच्या तारखा, उत्पन्न आणि मालाची प्रत त्यावर मांडावी. ह्या कामी आपल्या भागातील कृषि सहायकाचे साह्य अवश्य घ्यावे.